कोसाडची एक रात्र

सुरतेला मी हौसेने गेलो नव्हतो. पिशवीत कागद होते, म्हणून गेलो.

पेडण्याचं आमचं जुनं घर आणि मागचं भाट विकायचं ठरलं होतं. 'ठरलं' म्हणजे मी आणि थोरल्या भावाने ठरवलं होतं. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे धाकट्या बहिणीच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू ये मरे, मग बघू." बारा वर्षांत मी तिच्याकडे गेलो नव्हतो. दर चवथीला आमचं बोलावणं जायचं आणि दर चवथीला तिकडून काहीतरी निमित्त यायचं. पुढे पुढे बोलावणंही सवयीचं झालं आणि निमित्तही.

मडगावला ओखा एक्सप्रेस पकडली, सुरतेला उतरलो आणि तिथून पुढची छोटी गाडी घेतली. तापीवरचा पूल, मग उतराण, मग कोसाड. मागच्या खेपेला उतराणच्या वीजकेंद्राचा ८५ मीटर उंच शीतक मनोरा गाडीतून दिसला होता आणि त्यावरून मी स्टेशन ओळखलं होतं. तो मार्च २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला. खूण गेली आणि मी उतराणलाच उतरायला निघालो! शेजारच्या ओडिया मुलाने हात धरून बसवलं म्हणून बरं.

कोसाड हे कधीकाळी गाव होतं. आता ते सुरत शहरात आलं आहे. महापालिकेने झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी बांधलेली 'कोसाड आवास'ची मोठी वसाहत इथलीच. रस्त्यावर गुजराती, हिंदी, ओडिया, उर्दू सगळं ऐकू येतं, आणि मधूनच कुणीतरी अहिराणीत पोराला दम भरत असतो. धुळे-जळगावची माणसं तापीच्या काठाकाठाने कामासाठी इथवर आली, त्यांतलेच आमचे भावोजी. ते एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात काम करतात. सुरतेत अशा कारखान्याला 'खातं' म्हणतात. आपल्याकडे खातं म्हटलं की सरकारी खातंच आठवतं, म्हणून मला पहिले दोन दिवस भावोजी सरकारी नोकरीत लागल्यासारखं वाटत होतं.

आणि भाचा? तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलाय. बापाच्याच खात्यासाठी एक डबा तयार करत होता. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर धागा तुटला की मशीन थांबतं. मजुरी टाक्यांच्या हिशेबावर, म्हणजे जितका वेळ मशीन थांबलं तितके पैसे बुडाले. कुठलं मशीन किती वेळा थांबलं, पाळीत किती टाके पडले, हे भाच्याचा डबा मोजणार आणि छोट्या पडद्यावर दाखवणार. शेठने शब्द दिला होता की डबा नीट चालला तर सगळ्या मशीनना घेऊ. त्या भरवशावर भावोजींनी भिशीचे पैसे उचलून सामान आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठला डबा दाखवायचा होता. मी नेमका आदल्या संध्याकाळी पोचलो.

जेवणं झाल्यावर भाच्याने डबा उघडला. आत पत्त्याएवढा, कोपरे गोल केलेला काळा बोर्ड. बीगलबोन ब्लॅक त्याचं नाव, २०१३ साली बाजारात आलेला. शिकणाऱ्यांसाठी आणि नवं काही करून बघणाऱ्यांसाठीच असे बोर्ड निघतात.

"एवढा छान चालतोय, मग आता अडलं कुठे?" मी विचारलं.

"चालतोय मामा, पण सुरू होत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. आमच्या कितीतरी संस्थांना ते लागू पडेल.

गोष्ट अशी. घरी डबा शंभरदा लावला तर शंभरदा सुरू व्हायचा. खात्यात मात्र वीज जाऊन आली की कधीकधी पडदा काळाच राहायचा. पुन्हा बंद करून चालू केला की ठीक. चार दिवस भाचा लॅपटॉप घेऊन खात्यात बसला तेव्हा त्याला चोर सापडला. तो चोर समजून घ्यायचा तर बोर्ड जागा कसा होतो ते आधी समजायला हवं. भाच्याने मला ते सांगायला घेतलं आणि दोन मिनिटांत मीच त्याला म्हणालो, "अरे, हा तर आमचा दशावतार!"

वाचकहो, तुम्ही पेडण्याकडचे असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. जत्रेच्या रात्री दशावतार लागतो, पण पडदा सरकला की लगेच आख्यान नसतं. आधी गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, संकासूर येऊन गावाला हसवून जातो. प्रत्येकजण आपलं काम करतो आणि आत जातो. मग राजा येतो, आणि रात्रभर त्याचंच राज्य.

बोर्डाचंही तसंच. वीज येते तेव्हा आतल्या प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. बोर्डावर ५१२ मेगाबाइटची मोठी स्मृती असते, पण ती वापरायची कशी हेही त्याला माहीत नसतं. त्याच्यापाशी एकच शिदोरी, कारखान्यात चिपमध्ये कायमची कोरलेली थोडीशी ओळ. तिला बूट रॉम म्हणतात. ती पुसता येत नाही, बदलता येत नाही. रॉम एवढंच करतो की ठरलेल्या जागी जाऊन एक छोटी फाइल शोधतो. ही फाइल छोटीच असावी लागते, कारण ती चिपच्या पोटातल्या चिमुकल्या जागेत मावायला हवी. साधारण शंभर किलोबाइट, बस्स. ही फाइल येते, मोठी स्मृती जागी करते, आणि आपल्याहून मोठ्या भावाला हाक मारते. त्याचं नाव यू-बूट. यू-बूट येतो, लिनक्सला उचलून स्मृतीत आणून बसवतो, त्याच्या कानात दोन गोष्टी सांगतो, आणि आत निघून जातो. मग आख्यान सुरू.

यू-बूट हा शब्द ऐकून मला वाटलं, काहीतरी बुटाचं असेल. पण जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी. वोल्फगांग डेंक नावाच्या जर्मन माणसाने हा कार्यक्रम वाढवला. आधी तो एकाच जातीच्या प्रोसेसरपुरता होता, २००२ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा त्याला हे थट्टेचं नाव मिळालं. डेंक २०२२ मध्ये वारला. जगभरच्या असंख्य यंत्रांत रोज सकाळी सर्वांत आधी त्याचं काम जागं होतं आणि कुणाच्या नजरेला पडायच्या आत बाजूला होतं. पडद्यामागे राहून गणपतीचा मुखवटा धरणाऱ्याचं नाव तरी आपण कधी विचारतो?

तर चोर कुठे होता? लिनक्सला उचलण्याआधी यू-बूट दोन सेकंद थांबतो आणि उलटे आकडे मोजतो. या दोन सेकंदांत तुम्ही कुठलीही कळ दाबली तर तो पुढे जातच नाही, तुमच्यासमोर हात जोडून उभा राहतो. मग त्याला हवं ते विचारा. लिनक्स कुठून उचलायचा, त्याच्या कानात काय सांगायचं, किती थांबायचं, सगळं त्याच्या एका यादीत लिहिलेलं असतं. ती वाचता येते, बदलता येते, बदलून जपून ठेवता येते. सोय उत्तमच. पण बोर्डाला 'कळ दाबली' हे कळतं एका बारीक तारेवरून. घरी ती तार शांत असते. खात्यात एकाच वेळी इतक्या मोटारी सुरू होतात की त्या तारेवर नुसती थरथर उठते. यू-बूटला वाटतं, कुणीतरी हाक मारली. तो थांबतो आणि वाट बघत बसतो. कुणी येत नाही. सकाळपर्यंत तो तसाच उभा!

यावर उपाय ठाऊक असलेला आहे. 'कुठलीही कळ' असं न ठेवता 'अमुक एक शब्द टाइप केला तरच थांब' असं यू-बूटला सांगता येतं. थरथरीतून एखादं अक्षर उठेल, अख्खा शब्द कसा उठेल? मात्र हे यादीत लिहून भागत नाही. यू-बूटच नव्याने बांधून बोर्डावर पुन्हा लिहावा लागतो. भाच्याने तो बांधून ठेवला होता, लिहायचा राहिला होता.

रात्री साडेअकराला त्याने लिहायला घेतला. आधी जुना पुसला, मग नवा लिहायचा. पुसण्याची आज्ञा दिली, ती झाली. पुढची आज्ञा टाइप करत होता, एवढ्यात दिवा लुकलुकला. क्षणभरच. पंखा तर थांबलाही नाही. पण बोर्ड भिंतीतल्या विजेवर होता, आणि त्याच्यासाठी तो क्षण पुरेसा होता. जुना पुसलेला, नवा उमटलेला नाही.

बोर्ड काही जागा होईना.

या धंद्यात अशा बोर्डाला 'वीट झाली' म्हणतात, भाचा सांगत होता. मी मनात म्हटलं, आमच्याकडे चिरा झाला म्हणू. पण बोललो नाही, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता. बहीण दारात उभी होती. भावोजी खाटेवर उठून बसले. कुणी काही बोलेना. भिशीचे पैसे तिथे टेबलावर काळे होऊन पडले होते.

असा बोर्ड उठवायचा सोपा मार्ग मेमरी कार्डाचा. कार्डावर सगळं भरायचं, बोर्डावरचं एक बटण दाबून धरून वीज द्यायची, की रॉम आतली जागा सोडून कार्डाकडे बघतो. पण कार्ड खात्यातल्या टेबलाच्या खणात राहिलं होतं, आणि खातं सकाळीच उघडणार. कोसाडमध्ये रात्री बारा वाजता कार्ड कुठे मिळणार?

भाच्याने सहज म्हणून लॅपटॉपला जोडलेल्या त्या बारीक तारेकडे पाहिलं, आणि पडद्यावर एक अक्षर दिसलं. रोमन 'सी'. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी एक.

सी. सी. सी.

"मामा, मेला नाही! हाक मारतोय!" तो ओरडला. शेजारचं कुत्रंही भुंकलं.

झालं होतं ते असं. रॉम आपल्या जागेवर होता, त्याला कोण पुसणार? जाग आल्यावर तो ठरलेल्या जागा बघून आला. बोर्डाच्या साठ्यात तो एका नव्हे, चार ठिकाणी बघतो. अगदी सुरुवातीला, मग १२८, २५६ आणि ३८४ किलोबाइटवर. पहिल्या प्रतीला वाळवी लागली असेल तर दुसरी सापडावी म्हणून. कुठेच काही नव्हतं. कार्डही नव्हतं. तेव्हा तो पुढच्या दाराशी आला, त्या बारीक तारेशी, आणि म्हणू लागला, कुणी आहे का? असाल तर मला पहिली फाइल पाठवा.

हाक मारायची ही रीतही जुनीच. १९७७ साली शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी दोन संगणकांत फाइल पाठवण्यासाठी एक साधा नियम घालून दिला, त्याला एक्समोडेम म्हणतात. ते २०२४ मध्ये वारले. नियम असा की ज्याला हवं आहे त्याने आधी हाक मारायची. त्या नियमात पुढे झालेल्या सुधारणेनुसार ती हाक म्हणजे 'सी' हे अक्षर. देणाऱ्याने मग एकदम सगळं ओतायचं नाही, १२८ बाइटांची एकेक पुडी द्यायची. घेणाऱ्याने पुडी तपासून 'मिळाली' म्हणायचं, मगच पुढची. चुकली असेल तर 'पुन्हा दे' म्हणायचं.

भाचा फाइल पाठवत होता आणि पडद्यावर आकडा सरकत होता. मला आमच्या देवळातलं गाऱ्हाणं आठवलं. गावकर एकेक मागणं देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक मागण्यामागे सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" तो हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. मी हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा." दारातून बहीणही म्हणाली, "व्हय म्हाराजा." लग्न होऊन तीस वर्षं झाली तिला, पण हेल तस्साच, पेडण्याचा.

या तारेवरून सेकंदाला फार तर साडेअकरा हजार अक्षरं जातात. छोटी फाइल पटकन गेली. ती जागी झाली, तिने स्मृती उभी केली, आणि तिनेही हाक मारायला सुरुवात केली, आता मोठ्या यू-बूटसाठी. त्याला थोडा वेळ लागला. तेवढ्यात कुणी दिव्याकडे बघत नव्हतं असं समजू नका! मग यू-बूटची ओळ उमटली. भाच्याने त्याला 'बूट' म्हणून आज्ञा दिली. लिनक्सच्या जागेला धक्का लागलेला नव्हताच, लागला होता तो फक्त उंबरठ्याला. आख्यान सुरू झालं.

पण काम संपलं नव्हतं. हे सगळं तारेवरून स्मृतीत आलेलं, वीज गेली की पुन्हा शून्य. आता बोर्डाच्या साठ्यात ते कायमचं लिहायचं होतं. या वेळी भाच्याने आधी बोर्डाची वीज भिंतीतून काढून लॅपटॉपवरून दिली, म्हणजे घरातली वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे. त्यासाठी बोर्ड एकदा बंद करून पुन्हा सगळी हाक, सगळ्या पुड्या. मग पहिली फाइल १२८ वर लिहिली. तीच २५६ वरही लिहिली, कारण जागा आहेच तर रिकामी का ठेवा? ३८४ वर यू-बूट लिहिला. लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळलं, तेव्हाच वीज काढली आणि पुन्हा दिली.

दोन वाजून गेले होते. पडदा उजळला आणि त्यावर आकडा आला, शून्य टाके. इतकं सुंदर शून्य मी पाहिलेलं नाही.

बहिणीने चहा केला. भाचा कप हातात घेऊन म्हणाला, "चूक माझीच, मामा. नवं कुठे ठेवलंय, लिहिता येतंय का, ते बघितल्याशिवाय जुनं पुसायचं नाही. आणि आत शिरायची दुसरी वाट पाहिजेच. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

त्याच्या बोलण्याचा रोख बोर्डाकडेच होता. त्याला माझ्या पिशवीतल्या कागदांबद्दल काही ठाऊक नव्हतं. बहिणीला होतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, कपबश्या उचलून आत गेली. मीच बसून राहिलो.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला, सुरत बुडाली, तेव्हा ही माणसं रांदेरला राहायची. चार दिवस तिचा फोन लागला नाही. पाचव्या दिवशी लागला तेव्हा ती पुराबद्दल काही बोललीच नाही. म्हणाली, "दादा, मागच्या भाटातल्या बावीचं पाणी यंदा किती वर आलं?" मला तेव्हा वाटलं होतं, काय हे बाईचं विचारणं! छपरापर्यंत पाणी बघून आलेली ही बाई मला विहिरीचं पाणी विचारतेय. त्या रात्री कोसाडमध्ये वाटलं, ती तेव्हाही ठरलेल्या जागाच बघत होती, त्या अजून आहेत ना म्हणून. आणि दर चवथीची तिची निमित्तं? ती खोटी होती हे मला ठाऊक होतं. गाडीभाड्याचे पैसे नव्हते हेही ठाऊक होतं. आमचं बोलावणं जायचं, पण 'मिळालं का' हे पुन्हा विचारायला कुणी थांबायचं नाही.

सकाळी आम्ही तिघं खात्यावर गेलो. मशीनांचा असा गदारोळ की शेजारच्याचं ऐकू येईना. भाच्याने डबा लावला. शेठने स्वतः वीज पाडली, चालू केली, पाडली, चालू केली. दहादा. दहाही वेळा पडदा उजळला. शेठ काही फार बोलला नाही. दोन मशीनना लावून महिनाभर बघू, म्हणाला. सगळ्या मशीनची गोष्ट पुढे. भिशी फिटायला वेळ लागेल. पण चिरा झाला नाही, हे काय कमी आहे?

परत निघायच्या दिवशी बहिणीनेच विचारलं, "कागद आणलेस ना? दे, सही करते." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मी म्हटलं, "आधी चवथीला ये. सगळी या. घर बघ, भाट बघ, बावीचं पाणी बघ. मग बसून ठरवू. विकायचं ठरलं तर विकू, पण तुझ्या समोर." थोरल्या भावाला हे कसं सांगायचं हा प्रश्न होता, आणि अजून आहे. गिऱ्हाईक थांबेल का, तेही ठाऊक नाही. घराचं छप्पर गळतं, ते खरंच. जुनं कधीच पुसू नये असं काही माझं म्हणणं नाही. क्रम चुकू नये, एवढंच.

यंदाची त्यांची तिकिटं मी काढली आहेत. 'मिळाली का' म्हणून फोन केला. पलीकडून हेलात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

आणि हो, त्या यू-बूटला थांबवायचा शब्द. भाच्याने मलाच विचारलं होतं कुठला ठेवू म्हणून. मी सुचवला, तो त्याने ठेवला. बहिणीला सांगितला तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन हसली. तो शब्द मी इथे लिहिणार नाही, कुलपाची किल्ली अशी वेशीवर टांगत नाहीत. पण कोसाडच्या त्या खात्यात, एवढ्या मोटारींच्या थरथरीतून, आपल्या पेडण्याचा तो शब्द चुकून कधीच उमटणार नाही. तो कुणालातरी मुद्दामच टाइप करावा लागेल.